सोनटक्का, कर्दळ, निशिगंधाच्या बेटांत हराळी आणि लव्हाळा घुसलाय. मूळ झाडं न गमावता साफ कसं करायचं?

मातीमाखली

नमस्कार मंडळी. जुन्या धाग्यांत कुंड्यांतल्या तणाबद्दल बरंच सापडलं, पण माझा प्रश्न जमिनीतला आहे, म्हणून हा नवीन धागा.

वाईजवळ आमचं जुनं घर आहे. आई आता पुण्यात माझ्याकडे असते, त्यामुळे तिकडे कोणी राहत नाही. मागच्या अंगणात तिने हौसेने लावलेलं बरंच काही आहे. न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं सोनटक्क्याचं बेट, भिंतीलगत लाल-पिवळी कर्दळ, पुढच्या लांबट वाफ्यात निशिगंध आणि पहिल्या पावसात फुलणारी गुलाबी लिली, कोपऱ्यात गवती चहाचे ठोंब. गणपतीत गेलो तर सगळ्याचं मिळून एकच रान झालेलं. हराळी पायवाटेवरून चालत थेट कर्दळीच्या गड्ड्यात शिरली आहे. निशिगंधाच्या वाफ्यात लव्हाळा इतका दाट, की निशिगंध कुठला आणि लव्हाळा कुठला तेच कळत नाही. कडेने केना, आंबुशी, ओसाडी. कंपाउंडबाहेर गाजरगवत. बाप्पाच्या २१ जुड्या घरच्या घरी निघाल्या हे खरं, पण बाप्पा तरी किती दूर्वा घेणार!

एका ओळखीच्या गृहस्थांनी गडी पाठवला, त्याने विळ्याने सगळं सपाट कापून दिलं. आठवड्याने शेजारच्या वहिनींनी फोटो पाठवला, पुन्हा हिरवंगार. तेच गृहस्थ म्हणतात, "औषध मारून टाका, हाय काय नाय काय."

प्रश्न असे: हे आत्ता करता येईल की थांबायचं? बेट न उचलता मधलं गवत काढता येतं का? आणि औषधाचं काय? आईला बेटं जशीच्या तशी हवी आहेत. "सगळं काढून नवीन लाव" हा सल्ला देऊ नका, तो घरात देऊन झाला आहे.

उपद्व्यापी

मीठ. जाडं मीठ पाण्यात विरघळवून ओता, गवत दोन दिवसांत पिवळं. किंवा व्हिनेगर आणि भांडी घासायचा साबण. यूट्यूबवर ढिगाने व्हिडिओ आहेत.

वऱ्हाडी ठेचा

उपद्व्यापी भाऊ, मीठ टाकल्यावर गवत जाईल, निशिगंध जाईल, मग त्या जागी काहीच येणार नाही आणि माती बसेल ती वेगळी. आमच्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात लोक जमिनीतल्या मिठापायी रडून राहिले, अन् तुम्ही विकत आणून टाकायला सांगता! व्हिनेगरने वरची पात जळते. हराळीच्या आणि लव्हाळ्याच्या जमिनीतल्या भागाला त्याचा पत्ताही लागत नाही.

ताई, विळा लावला तिथंच हराळीचं फावलं. तिला शेंड्यावर कापलं की ती बुडातून जास्त फुटते. निंदण खुरप्यानेच, बुडापासून, तेही वाफसा असताना. कोरड्या मातीत ओढलं की मुळी तुटते, चिखलात ओढलं की माती दाबली जाते आणि गड्डाही हलतो. मूठभर माती दाबून बघा. गोळा झाला आणि अंगठ्याने टोकला की फुटला, तर कामाला लागा.

आगरकन्या

मातीमाखली, आधी एक सांगते, मग बाकीचं. दोन पावसाळे न हललेल्या बेटात हात घालायच्या आधी काठीने आपटून घे, पायात गमबूट घाल. सोनटक्क्याच्या बुडाशी कायम ओल असते, बेडूक असतात, त्यामागे साप येतात. आमच्या आगरात बेणणीच्या (निंदणीच्या) आधी बायका पहिल्यांदा काठ्याच चालवतात. वाळलेले दांडे आधी छाटून बाहेर काढ, उजेड आत जाऊ दे, मग खाली बस.

सोनटक्का आत्ता उचलू नकोस. आत्ता त्याची फुलं चालू असतील. फुलून गेलेला दांडा पुन्हा फुलत नाही, तेवढे बुडापासून कापून टाक, अर्धं बेट मोकळं होईल. आतलं गवत त्यानंतर दिसायला लागेल. आमच्याकडे सोनटक्क्याचे कंद फोडायचे ते मे अखेरीस, पहिल्या पावसाच्या तोंडावर.

चिंगी

केना काढला की फेकू नका हो! केन्याची भजी करा. आंबुशीची चटणी. तांदुळजा, घोळ, कुरडू असेल तर तेही वेचा. अर्धं तण आमच्या घरी कढईत संपतं.

भाऊकाका

कृषी खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण तण म्हटलं की हात शिवशिवतात, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्याकडे तीन प्रकारचे शत्रू आहेत आणि तिघांना एकच उपाय लावला तर एकही मरणार नाही.

पहिले बियांवर जगणारे: ओसाडी, गाजरगवत, आंबुशी, केना. यांना फुलं यायच्या आत उपटायचं, एवढंच सूत्र. केन्यात एक मेख आहे. त्याची निळी फुलं वर दिसतात, पण काही फुलं मातीखाली येतात, न उमलताच बी धरतात. म्हणून केना वरून खुडून भजी केलीत तरी बुंधा मातीसकट उपटायचा (चिंगीताईंच्या भज्यांना विरोध नाही). शिवाय त्याचा कांडीचा तुकडा ओल्या मातीवर पडला तरी मूळ धरतो.

दुसरी हराळी. ही जमिनीवरून धावते आणि जमिनीखालूनही. वरचे धावते फुटवे ओढले की आनंद होतो, पण खाली पांढऱ्या, टोकदार, खवल्याखवल्यांच्या काड्या असतात, त्यांच्या प्रत्येक पेरावर डोळा असतो. फावड्याने खणलंत तर एका काडीच्या दहा होतात आणि दहाही उगवतात. म्हणून फावडं, कुदळ नको. चार दातांचा फोर्क घाला, माती उचकटून सैल करा आणि काडी हाताने सबंध ओढा. हिचा एकच कच्चा दुवा आहे, सावली. दाट सावलीत हराळी खंगते.

तिसरा लव्हाळा, आणि इथे भलेभले हरतात. लव्हाळा गवत नाहीच, तो मोथ्याच्या कुळातला. उपटला की पात हातात येते, बुडाशी एक फुगीर गाठ असते, ती कधी येते कधी तुटते. त्या गाठीपासून दोऱ्याएवढी काळी मुळी खाली जाते, तिच्यावर पहिली गाठ, पुढे दुसरी, मग तिसरी, अशी माळ. साखळी सलग असेपर्यंत टोकाची गाठ बाकीच्यांना दाबून ठेवते. तुम्ही खणलंत, साखळी तुटली, की झोपलेल्या गाठी एकदम जाग्या होतात. खणल्यावर लव्हाळा दुप्पट झाला असं लोक म्हणतात ते यामुळे. बहुतेक गाठी वरच्या अर्ध्या-पाऊण फुटात असतात.

मग करायचं काय? बेटातल्या बेटात खुरपून हराळी निघत नाही. कर्दळीचा गड्डा आणि हराळीची काडी एकमेकांत विणली गेलेली असते. बाहेरून ओढाल तेवढी तुटेल, आतला तुकडा महिन्याने डोकं काढेल. म्हणून बेट उचलायचं, धुवायचं, फोडायचं, जागा रिकामी ठेवून तणाचा बंदोबस्त करायचा आणि स्वच्छ कंद परत लावायचे. आत्ता फक्त तणाचे फुलोरे छाटा, पसरणं थांबवा. उचलण्याचं काम माघात, म्हणजे फेब्रुवारीच्या आसपास. परत लावणी जूनमध्ये. मधला उन्हाळा हे तुमचं खरं औषध.

मातीमाखली

भाऊकाका, दंडवत. आगरकन्या, सापाचं खरंच डोक्यात नव्हतं, गमबूट यादीत लिहिले.

पण काका, कंद फेब्रुवारीपासून जूनपर्यंत जमिनीबाहेर राहतील? वाळणार नाहीत? आणि लव्हाळा-निशिगंध ओळखायचं कसं, त्याचं कोणी सांगा ना. लिलीची पात तर आणखी बारीक.

शेवंता७

हे मला विचार! आमच्या सोसायटीत माळीदादांनी लव्हाळा समजून रेन लिलीची अख्खी किनार उपटली होती, त्यानंतर मी सगळ्यांना शिकवत फिरते.

पात धरायची आणि अगदी बुडाशी, दोन बोटांत फिरवायची. लव्हाळ्याचा दांडा तीन धारांचा असतो, बोटाला कोपरे लागतात. पानं तीन दिशांना फुटतात, चकचकीत असतात, मधोमध घडी घातल्यासारखी रेघ. निशिगंधाचं पान जाड, पन्हाळीसारखं खोलगट, बुडाशी लालसर झाक. लिलीचं पान मऊ, गुळगुळीत, मोडलं की रसरशीत तुटतं. तरीही शंका असेल तर एकच रोप मातीसकट उपटून बघ. लिलीला छोटा पांढुरका कांदा निघतो, लव्हाळ्याला काळपट टणक गाठ. ती गाठ नखाने खरवडून वास घे, नागरमोथ्याचा वास येतो. येणारच, नागरमोथा म्हणून काष्ठौषधीच्या दुकानात तेच विकतात. उटण्यात घालतात ना, तेच.

वऱ्हाडी ठेचा

म्हणजे ताईंच्या अंगणात नागरमोथ्याची शेती आहे. दिवाळीपर्यंत उटणं करून विका, गडी परवडेल.

भाऊकाका

वाळण्याचं विचारलंत ते बरोबर आहे, कारण प्रत्येक कंदाची रीत वेगळी.

निशिगंध सगळ्यात सोपा. थंडीत पानं पिवळी पडायला लागली की पाणी तोडा, मग कंदांचा गड्डा उचला. गड्डा हाताने सुटतो. ज्या कंदाला एकदा दांडा आला तो पुन्हा सहसा फुलत नाही, त्याच्या भोवतीचे बगलकंद पुढे फुलतात. म्हणून मधला जुना, पोकळ झालेला काढून टाका आणि बोराएवढे वा त्याहून मोठे टणक बगलकंद ठेवा. लहान चिल्लीपिल्ली वेगळ्या वाफ्यात लावा, ती पुढच्या वर्षी तयार होतील. दोन-तीन वर्षं न उचललेल्या निशिगंधाला तसंही फूल कमी येतं, तेव्हा तण आलं नसतं तरी हे करावंच लागलं असतं. कंद सावलीत, हवेशीर जागी, पाटीत एका थरात पसरून ठेवा. चार-सहा आठवड्यांची विश्रांती त्यांना मानवतेच, त्याहून थोडी जास्त झाली तरी हरकत नाही. कुजका, मऊ कंद दिसला की काढा. एप्रिल-मेमध्ये लावायचे झाले तर तो भाग आधी तयार करा.

कर्दळ दणकट. गड्डे दोन-तीन डोळ्यांचे तुकडे करून, काप सुकू देऊन, किंचित ओलसर मातीत किंवा कोकोपीटमध्ये सावलीत ठेवा.

सोनटक्का आल्याच्या कुळातला असला तरी साठवणीला नाजूक. उघडा ठेवलात तर सुरकुततो. त्याला मी फेब्रुवारीत हात लावणार नाही. आगरकन्याताईंचा मे अखेरचा सल्ला मला मान्य. उचला, धुवा, त्याच दिवशी तात्पुरता कुंडीत किंवा जुन्या बादलीत रोवा, जागा साफ झाली की परत लावा.

गुलाबी लिलीचे कांदे धुऊन कुंडीत भरून टाका, तिथंच फुलतील.

धुणं ही पायरी लोक टाळतात आणि पुढे पस्तावतात. गड्डा उचलल्यावर माती झटका, मग पाण्याच्या टबात बुडवून ठेवा. माती सुटली की हराळीची पांढरी टोकदार काडी आणि कर्दळीची जाड, मऊ, गोल मुळं डोळ्यांना वेगळी दिसतात. काडी जिथून गड्ड्यात शिरलीय तिथून धरून सरळ रेषेत ओढा, मागच्या बाजूने निघते का पाहा. अडकली तर गड्डा तिथंच फोडा. दोन गड्डे कमी झाले तरी चालतील, पण काडीचा तुकडा आत राहायला नको. टबातलं पाणी बागेत ओतताना फडक्यातून गाळा, लव्हाळ्याच्या लहान गाठी तळाशी बसलेल्या असतात.

टेम्सकाठचा

इंग्लंडातून हजेरी. इथे हेच दुखणं आयरिसच्या बेटांत असतं, फक्त गवत वेगळं, काऊच ग्रास. तेही पांढऱ्या टोकदार काड्यांनी जमिनीखालून धावतं आणि आयरिसच्या आडव्या कंदांत घुसतं. फुलोरा संपला की जुलै-ऑगस्टमध्ये बेट उचलायचं, धुवायचं, मधला जुना लाकडासारखा भाग टाकायचा, कडेचे नवे कंद लावायचे. दाढीवाल्या आयरिसचा कंद पुरायचा नसतो, पाठ उन्हाला उघडी ठेवायची. त्यामुळे त्यावर आच्छादनही घालता येत नाही आणि गवताला रान मोकळं मिळतं. भाऊकाकांची धुण्याची पद्धत शब्दशः इथल्या आज्या सांगतात. फरक एवढाच की आमच्याकडे कडक उन्हाळा नावाचं औषध नाही.

उपद्व्यापी

बरं, मीठ मागे घेतो. पण भाऊकाका, ग्लायफोसेट या तणनाशकाबद्दल बोला की. शेतकरी सर्रास मारतात, आपणच का एवढं कंद धुवत बसायचं?

भाऊकाका

बोलतो, कारण हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो.

ग्लायफोसेट पानातून शिरतं आणि मुळापर्यंत उतरतं. निवडक नाही. हराळीच्या पातीवर मारताना दोन थेंब कर्दळीच्या किंवा सोनटक्क्याच्या पानावर पडले तर तेही त्यांच्या गड्ड्यापर्यंत जाईल. बेटाच्या आतल्या गवतावर ते नेमकं मारणं शक्य नाही. दुसरं, ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून ग्लायफोसेटचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. तेव्हा दुकानातून बाटली आणून घरच्या पंपाने मारणं यात बसत नाही.

कोणी निवडक गवतनाशक सुचवेल, सोयाबीनमध्ये वापरतात ते क्विझालोफॉप वगैरे. ते फक्त गवतवर्गावर चालतं. लव्हाळा गवतवर्गात येत नाही, त्याला ते लागणार नाही. गवती चहा मात्र गवतवर्गात येतो, तो जाईल! शिवाय त्याच्या लेबलावर तुमचं परसदार लिहिलेलं नाही.

आणि एक कळकळीने. पॅराक्वाट नावाचं तणनाशक कोणी शीतपेयाच्या बाटलीत काढून आणून दिलं तर घरात घेऊ नका. ते चुकून पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. ती कीटकनाशकं होती, पण उघड्या हाताने, तोंडाला फडकं बांधून फवारायची सवय तीच. चार वाफ्यांसाठी हे घरात आणायचं कारण नाही.

वऱ्हाडी ठेचा

यवतमाळचं काकांनी लिहिलं ते आमच्या शेजारच्या गावांतलं आहे. त्यावर अधिक लिहवत नाही.

लव्हाळ्यावर मात्र लिहितो, कारण त्याच्याशी घरची दुश्मनी आहे. कोंब वर आल्यापासून तीन-चार आठवड्यांत खाली नवीन गाठ धरायला लागते. म्हणजे दर दोन-अडीच आठवड्यांनी कोंब काढत राहिलं तर जुन्या गाठीतला साठा खर्ची पडतो आणि नवीन जमा होत नाही. एकदा खच्चून निंदण करून महिनाभर विसरण्यापेक्षा थोडं थोडं पण न चुकता. ताई पुण्याहून दर वेळी येणार नाहीत, तर तिकडच्या एखाद्या बाईंना खुरपं देऊन महिन्यातून दोन फेऱ्या ठरवून टाका. काम सांगताना "साफ करा" असं नाही सांगायचं, "लव्हाळा खुरप्याच्या टोकाने गाठीसकट" असं सांगायचं. आणि आधी शेवंताताईंसारखं लिली कुठली ते दाखवायचं.

दुसरं, प्लॅस्टिकचं आच्छादन लव्हाळ्यावर चालत नाही. त्याचा कोंब सुईच्या टोकाचा, तो प्लॅस्टिक भोसकून वर येतो. आमच्याकडे मिरचीच्या मल्चिंग पेपरमधून आलेला दाखवू शकतो.

मातीमाखली

मग रिकाम्या केलेल्या जागेत उन्हाळ्यात नेमकं काय करायचं? पारदर्शक प्लॅस्टिक घालून माती तापवतात असं वाचलं होतं. तेही भोसकेल का?

भाऊकाका

ते वेगळं. माती तापवण्याला पारदर्शक कागद लागतो, काळा नाही, आणि माती आधी भिजवलेली लागते. एप्रिल-मेमध्ये खणून, ढेकळं फोडून, सपाट करून, पाणी देऊन, पातळ पारदर्शक कागद चारी बाजूंनी मातीत गाडून चार ते सहा आठवडे. तणांचं वरच्या थरातलं बी आणि हराळीच्या उथळ काड्या यात बऱ्याच मरतात. खोलवरच्या लव्हाळ्याच्या गाठी मात्र वाचतात.

म्हणून तुमच्या वाफ्यात मी असं करेन. निशिगंधाचा वाफा फेब्रुवारीत उचलल्यावर माती फोर्कने उलथी करायची आणि तशीच उघडी, बिनपाण्याची ठेवायची. लव्हाळ्याची गाठ वर आली आणि सुकली की मरते, तिला कोरडं ऊन सोसत नाही. पंधरा-वीस दिवसांनी परत उलथायची, दिसतील त्या गाठी वेचायच्या. न्हाणीचं पाणी त्या काळात दुसरीकडे वळवा, नाहीतर सगळं फुकट. कर्दळीच्या बाजूला हराळी जास्त आहे, तिथे कागदाचा उपाय करा.

जूनमध्ये सगळी जागा एकदम भरू नका. निम्म्या वाफ्यात कंद लावा, निम्म्यात ताग दाट पेरा. ताग महिना-दीड महिन्यात उंच होतो, खाली सावली धरतो, हराळी आणि लव्हाळा दोघांना सावली नको असते. फुलावर आला की कापून तिथंच गाडा. तागाचं बी मिळालं नाही तर रताळ्याचे वेल लावा, जमीन झाकतात आणि रताळीही मिळतात.

आगरकन्या

काका, सोनटक्क्याच्या जागेला हे सगळं लागणार नाही असं मला वाटतं. एकदा आतलं गवत निघालं आणि बेट दाट झालं की त्याच्या पानांखाली हराळी टिकत नाही. तण येतं ते कडेने, जिथून ऊन शिरतं. तिकडे कडेला काहीतरी अडसर हवा.

भाऊकाका

बरोबर. सोनटक्क्याला सूट.

अडसरासाठी शहाबादी फरशीचे नाहीतर कडप्प्याचे तुकडे उभे पुरा, आठ-नऊ इंच जमिनीत आणि दोन इंच वर. फरशीवाल्याकडे तुकडे पडलेले असतात. विटा पुरल्या तर दोन विटांच्या फटीतून हराळी येते. दर पंधरवड्याला फरशीवरून पलीकडे झुकलेले फुटवे तेवढे कापायचे.

आणि तुमच्याकडे ऊस आहे, पाचट मिळेल. कंद लावून कोंब वर आले की चार-सहा इंच पाचट पसरा, गड्ड्याच्या बुडाशी मात्र टेकवू नका, कुजतं. वाळवी दिसली तर थर हलवा. लव्हाळा पाचटातूनही येतो, पण लांब, फिकट येतो आणि सहज दिसतो, उपटायला बरा.

शेवंता७

गाजरगवताचं कोणीच लिहिलं नाही. त्याला उघड्या हाताने हात लावू नको, माझ्या मावशीला अंगभर पुरळ येतं. हातमोजे, पूर्ण बाह्या, नाकाला मास्क, आणि पांढरी फुलं यायच्या आत. आपल्या पुण्यातच १९५० च्या दशकात त्याची पहिली नोंद झाली म्हणतात, तेव्हा जबाबदारी आपलीच!

भाऊकाका

नोंद पुण्यातलीच. आणि गाजरगवताच्या पानांवर फिकट रंगाचे, तपकिरी पट्ट्यांचे छोटे भुंगेरे दिसले तर मारू नका. ते मेक्सिकन भुंगेरे, १९८० च्या दशकात मुद्दाम मेक्सिकोतून आणलेले. पावसाळ्यात पानं चाळण करून टाकतात. कंपाउंडबाहेरचं काम त्यांच्यावर सोपवा.

चिंगी

काढलेल्या हराळी-लव्हाळ्याचं काय करायचं? खतात टाकलं तर?

आगरकन्या

नको ग. घरगुती खताचा ढीग एवढा तापत नाही, हराळी त्यात मजेत वाढते. गच्चीवर किंवा फरशीवर पसरून कडकडीत वाळव, मग टाक. नाहीतर जुन्या ड्रममध्ये पाण्यात बुडवून झाकण लाव, महिनाभरात सगळं सडतं. वास भयंकर येतो, घरापासून लांब ठेव. ते पाणी पातळ करून नारळाला घालतो आम्ही.

आणि नवीन तण आणू नका. लव्हाळा येतो तो बहुतेक वेळा नर्सरीच्या पिशवीतून आणि विकतच्या मातीतून. रोप आणलं की पिशवीच्या तोंडाशी काय उगवलंय ते बघायचं. शेणखत अर्धं कच्चं असेल तर त्यात बी असतंच.

मातीमाखली

आईला सगळा धागा वाचून दाखवला. तिचा एकच आक्षेप, गवती चहाबद्दल कोणी बोललं नाही! तिच्या चहाचा प्रश्न आहे. त्या ठोंबांत हराळी अगदी आतपर्यंत आहे.

बाकी ठरलं ते असं. दिवाळीच्या आधी जाऊन फुललेले दांडे आणि तणाचे फुलोरे छाटायचे, लिली ओळखून काड्या रोवून ठेवायच्या. शेजारच्या वहिनींच्या ओळखीच्या एक मावशी महिन्यातून दोनदा खुरपायला येतो म्हणाल्या आहेत. निशिगंध आणि कर्दळ फेब्रुवारीत. सोनटक्का मे अखेर.

वऱ्हाडी ठेचा

गवती चहाला मुहूर्त लागत नाही. पात वितभर ठेवून कापा (कापलेली आईंना द्या), ठोंब पहारीने उचला, धुवा, एकेक फुटवा मुळासकट सुटा करा. हराळी त्यात लगेच कळते. गवती चहाचं बूड पांढरट-जांभळट, जाड असतं, आणि शंका आली तर पान चुरगळून नाकाशी धरा. सगळ्या ठोंबाची गरज नाही, धुतलेले दहा-बारा फुटवे पुरतात, वर्षात परत ठोंब होतो. भर उन्हाळा सोडून कधीही लावा, पहिले काही दिवस पाणी द्या.

शेवंता७

मातीमाखली, मे महिन्यात सोनटक्का फोडशील तेव्हा दोन कंद मला ठेवशील का? बदल्यात लिलीचे कांदे देते, पांढरे आणि पिवळे.

मातीमाखली

नक्की! पुण्यातच आहेस ना, मी आणून देईन. कुंडीत लावून देऊ का?

भाऊकाका

कुंडी नको, माती नको. देणाऱ्यानेही धुऊन द्यायचं आणि घेणाऱ्यानेही परत धुऊन लावायचं, मातीबरोबर लव्हाळा जातो. सोनटक्क्याचा कंद ओल्या फडक्यात गुंडाळून द्या, लिलीचे कांदे कोरडेच, कागदी पिशवीत.